तिची एक टाळी, आपल्या दोन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, समजूत घालायची मला हौस नाही.

तारीख १२ मे २०१७. शुक्रवार. दुपारी सव्वादोन.

जागा, धायरीतल्या आमच्या घराची वरची खोली.

हो, दुपार. रात्र नव्हती. बाहेर टळटळीत ऊन होतं, समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. भुतं रात्रीच येतात हे ज्याने कोणी सांगितलंय, त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि आधीच कबूल करून टाकते. मी जळत होते. मेलेल्या बाईवर जळत होते. याला मत्सर म्हणा, आणखी काही म्हणा, पण माझी बाजू सावरायला मी हे लिहीत नाहीये.

माझं नाव सुनीती. माहेर शनिवार पेठ. आमच्याकडे कुणी आवाज चढवत नाही, हळू बोलून माणसाला घायाळ करतात. लग्न होऊन आले धायरीत, जिथे 'चहा घेता का' हेसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

नवऱ्याचं नाव जयसिंग. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार आहे. रागच आहे तसा.

मी त्याची दुसरी बायको. पहिली प्रेमला. २०१२ साली सहा दिवसांच्या तापात गेली. आमचं लग्न २०१४ मध्ये झालं, आणि त्याच वर्षी जयसिंगने इलेक्ट्रिकच्या दुकानातली नोकरी सोडून स्वतःची साउंड सिस्टीम घेतली. हळद, वरात, जयंत्या, गणपती. जोडीला त्याचा मित्र सिराज. वरच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना दोघांनी अंड्यांचे ट्रे चिकटवले, कॉम्प्युटर आणला आणि रिमिक्स बनवायला लागले.

त्या रिमिक्समधला बाईचा आवाज माझा असायचा.

आणि टॅगही माझा. टॅग म्हणजे गाण्याच्या मध्येच आणि शेवटी एक आवाज येतो ना, हे गाणं कुणी बनवलंय ते सांगणारा? तो. "जयसिंग साउंड, धायरी!" मी ते २०१४ मध्ये एकदाच म्हटलं होतं, आणि तेच सगळ्या गाण्यांत टाकलं जायचं. मी किराणा आणायला गेले तरी पोरं मागून तशीच ओरडायची. मी रागावल्यासारखं करायचे. मनातून आवडायचं हो मला.

त्या घरात भांडी प्रेमलाची होती, पलंग प्रेमलाचा होता, तुळससुद्धा तिनेच लावलेली होती. आवाज तेवढा माझा होता.

हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

मे महिन्यात जयसिंगच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. शनिवारी हळद, रविवारी लग्न. हळदीला काहीतरी नवीन वाजवायचं म्हणून दोघं डोकं खाजवत बसले होते. सिराजला एका जुन्या फोनचं मेमरी कार्ड सापडलं. त्यात एक क्लिप होती. साडेचार मिनिटांची.

कुणाच्या तरी हळदीत प्रेमला गात होती.

चित्र काळपट होतं, नुसता पदर आणि हात दिसत होते. आवाज मात्र स्वच्छ. ढोलकी नाही, काही नाही. एकटी बाई, सावकाश...

*पहिली वाटी हळदीची गं, ठेवा उंबऱ्याशी*
*मागल्या दारी कोण उभी, घ्या तिला उराशी*

जयसिंगने ते तीन वेळा ऐकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "हेच घेऊ. सगळ्या भावकीला तिची आठवण आहे."

"छान," मी म्हटलं. आमच्या पेठेत 'छान'चा अर्थ काय होतो ते त्याला तीन वर्षांत कळलेलं नव्हतं.

आता अडचण अशी होती, की गाणं फारच संथ होतं. नाचायच्या गाण्याला मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके लागतात. प्रेमला सहासष्टच्या आसपास. आसपासच, कारण ती काही घड्याळ लावून गात नव्हती. एक ओळ लांबवायची, दुसरी जरा लवकर घ्यायची, मध्ये मोठा श्वास.

जयसिंगने आधी तिला सरळ पळवली. आवाज उंदरासारखा चिरका झाला. सिराज हसला, जयसिंग त्याच्या अंगावर धावून गेला.

मग सूर तोच ठेवून वेग वाढवला. शब्द चुरगळले, पाण्यातून बोलल्यासारखं यायला लागलं.

मला किती बरं वाटत होतं म्हणून सांगू. बसणारच नाही ही, मी मनात म्हणायचे. जिवंतपणी धायरी सोडून कुठे गेली नाही, आता डीजेत कशी बसेल?

पण तो सोडेना. नऊ दिवस. जेवायला खाली येईना. चहा घेऊन वर गेले की कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, आणि माझ्याकडे हाताने नुसतं 'थांब'.

माझ्या कुठल्याही गाण्यावर तो कधी तासभरसुद्धा बसला नव्हता. "तुझं काय, एकदम ठोक्यात असतं, काही करावंच लागत नाही," म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं. नवव्या दिवशी कळलं, की जिच्यावर काही करावं लागत नाही, तिच्यापाशी कुणी बसतही नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो रडकुंडीला आला. "तुझा कान चांगला आहे गं. तू ऐक ना जरा."

मी ऐकलं. आणि माझा मेला कान! मला राहवलंच नाही. मी टाळी वाजवून दाखवली.

"तिला पळवताय कशाला? उलट थोडी सावकाश करा. चौसष्टवर आणा. मग तिची एक टाळी, आपल्या दोन. ढोल पळू दे की. ती आपली चालत राहील मधून."

म्हटलं, आणि जीभ चावली.

त्याने एकेक ओळ कापली. चौसष्टवर आणली. प्रत्येक ओळ ठोक्यावर नेऊन ठेवली. दोन ओळींमधले तिचे श्वास काढून टाकले, कारण मोठ्या स्पीकरवर ते भसाभसा येतात. मग वाजवलं.

बसलं.

खाली धडाधड ढोल, आणि वर ती. शांत. कुणाची घाई नसलेली. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू?

जयसिंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. स्क्रीनवर हात ठेवून तो म्हणाला, "बघ प्रेमे... बसलं बघ."

मी त्याच्या शेजारी उभी होते. युक्ती माझी होती. पण बोलला तिच्याशी.

त्या रात्री मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे तो शुक्रवार, जयसिंग आणि सिराज स्पीकर पोहोचवायला मांडवाकडे गेले. सासूबाई खाली आडव्या झाल्या होत्या. मी वर आले. दार लावलं. कॉम्प्युटर सुरू केला.

वाटच बघत होते मी.

स्क्रीनवर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते. प्रेमलाच्या पट्टीचा आवाज बंद केला. खाली नवीन पट्टी घेतली, नाव दिलं 'सुनीती'. तेच शब्द मी गाणार होते. एकशे अठ्ठावीसवर, ठणठणीत. तेच पेनड्राइव्हमध्ये टाकायचं आणि उद्या सगळ्या भावकीसमोर वाजू द्यायचं. मग बघू कोण कुणाला आठवतं.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करावा लागतो. बांगड्याही काढून ठेवते मी, माईकमध्ये किणकिण येते. हातात काही नव्हतं. खोलीत काही हलत नव्हतं.

गायले. झक्कास गायले. थांबवलं, ऐकलं.

पहिल्या दोन ओळी ठोक्यात होत्या. तिसरीपासून... मी मागे पडत होते.

थोडीशी नव्हे. चौथ्या ओळीला मी बरोब्बर निम्म्या वेगात गात होते. सावकाश. लांबवत.

मी असं गायलेच नव्हते!

उकाड्याने झालं असेल, म्हणून पाणी प्यायले. पुन्हा गायले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गायले. तिसऱ्या ओळीला पाय ओढत निघाल्यासारखी मी मागे.

चौथ्यांदा गाऊन गप्प बसले. हेडफोन काढून मान पुसत होते. रेकॉर्डिंग अजून सुरूच होतं. सहज स्क्रीनकडे बघितलं.

आवाज आत येतो तेव्हा एक हिरवी पट्टी वरखाली होते.

मी गप्प होते... आणि ती हलत होती.

उठायची... खाली बसायची. उठायची... मोठा वेळ तशीच राहायची... खाली बसायची. मध्ये जरा थांबून.

मी हेडफोन कानाला लावला.

श्वास होता.

नुसता श्वास. ओळ संपल्यावर गाणारी बाई घेते ना, तसा. एक... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरा. मधली ओळ नव्हतीच. जयसिंगने तिचे श्वास काढून ओळी ठेवल्या होत्या. इथे ओळी नव्हत्या, श्वास तेवढे होते.

मी माझा श्वास रोखून बघितला. हिरवी पट्टी हलतच राहिली.

पळून जायला हवं होतं ना? शहाणी बाई पळाली असती. मला आला राग. म्हटलं, माझ्या माईकमध्ये कोण येतंय? मी हेडफोन फेकला, उभी राहिले आणि ठोका पकडायला जोरजोरात टाळ्या वाजवून गायला लागले.

टाळी. टाळी. टाळी. टाळी.

आठ-दहा झाल्या असतील. मग माझ्या लक्षात आलं...

माझ्या दर दुसऱ्या टाळीबरोबर आणखी एक टाळी पडत होती.

माझ्या मागे. दाराच्या बाजूला.

आणि त्या टाळीत बांगड्या वाजत होत्या.

मी हात थांबवले.

पुढची टाळी... माझ्याशिवाय पडली.

वळायची हिंमत होईना. इतक्यात मागे दार वाजलं आणि मी किंचाळलेच.

सासूबाई होत्या. सोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गुडघ्याने अधू असलेली बाई, वर्षभरात जिना चढली नव्हती. दारात उभ्या, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू.

"प्रेमी गात हुती न्हवं?"

"मी गात होते, आत्याबाई."

"तू बी हुतीस की." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "दोघी गात हुता."



मग त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं, आणि हसू गेलं. "टाक कुटं हाय तिचा?"

हे सांगायला हवं. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईने गळ्यात सवतीचा टाक घालायचा असतो. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. नवी साडी आली की आधी त्या टाकाला लावायची, मग नेसायची. हळदीकुंकू आधी तिला. म्हणजे गेलेली रुसत नाही. वर्षभर घातला मी. मग मंगळसूत्रात अडकतो म्हणून काढला आणि कपाटात टाकला.

"कपाटात आहे," मी म्हटलं.

"नवं काय बी असू दे, पोरी. साडी असू दे न्हायतर गाणं असू दे. आदी तिला द्यायचं, मग आपण घ्यायचं. तू तर तिचंच घ्यायला निघालीस, आन् इचारलं बी न्हाईस?"

"मेलेल्या माणसाला काय विचारायचं असतं?"

"ती अशी न्हवती गं." त्या डोळे पुसायला लागल्या. "मागून काय बी दिलं असतं तिनं. माझी प्रेमी... सोन्यावानी पोर माझी."

भीती गेली माझी त्या क्षणी. खरं सांगते. तीन वर्षं मी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. मला एकदासुद्धा 'माझी' म्हटलं नव्हतं त्यांनी.

त्यांना हाताला धरून खाली पोहोचवलं. पुन्हा वर आले. कपाटातला टाक नाही काढला, तिकडे बघितलंसुद्धा नाही.

प्रेमलाची पट्टी उडवली. मूळ क्लिप उडवली. मेमरी कार्ड रिकामं केलं. कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून पण काढलं. जयसिंगच्या फोनमध्ये ती क्लिप नव्हती, ते मी आधीच रात्री बघून ठेवलं होतं.

झालं. आता तिचा आवाज जगात कुठेही नव्हता.

माझ्या गाण्यातल्या पहिल्या दोन ओळी तेवढ्या ठोक्यात होत्या. त्याच चारदा चिकटवल्या, शेवटी माझा टॅग होताच. पेनड्राइव्हमधल्या गाण्याच्या जागी हे गाणं ठेवलं, नाव जुनंच. दोनदा ऐकून बघितलं. माझा आवाज. सगळं ठोक्यात. दोन मिनिटं पाच सेकंद.

हे आकडे मला आजही पाठ आहेत.

शनिवारी, हळद. दुपारी चार वाजता मांडवात दीडशे माणूस. जयसिंगने पेनड्राइव्ह सिराजच्या हातात दिला आणि स्वतः पुढे जाऊन उभा राहिला. आता कळणार त्याला. ओरडेल, हात उगारेल, काहीही करू दे. पण ऐकेल तर मला!

ढोल सुरू झाला. पोरांनी हात वर केले.

मी माझ्या आवाजाची वाट बघत होते...

*पहिली वाटी हळदीची गं...*

प्रेमला.

सावकाश. चौसष्टवर. ढोल खाली पळत होता, ती वर चालत होती.

बायका एकदम थांबल्या. कुणीतरी "अगं बाई, प्रेमला!" म्हणालं. आत्याबाईंनी खुर्चीत बसूनच हात जोडले. नवरी रडायला लागली. पूर्ण साडेचार मिनिटं. एक ओळ कमी नाही. आणि प्रत्येक ओळीनंतर... श्वास. काढून टाकलेले सगळे श्वास परत जागेवर होते.

मी खांबाला धरून उभी राहिले. मनाशी म्हणत होते, दुसरी कॉपी असेल. सिराजकडे असेल. असेलच.

मग शेवटचा ठोका पडला, आणि टॅग आला.

"जयसिंग साउंड... धायरी."

तिच्या आवाजात.

पोरं ओरडली, शिट्ट्या वाजल्या. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. जयसिंग मात्र मागे वळला आणि थेट माझ्याकडे बघितलं.

मी सिराजला गाठलं. तो मशीन बंद करून बसला होता.

"कुठून वाजवलंत? तुमच्याकडे दुसरी फाईल होती ना?"

"नाही वहिनी, हाच पेनड्राइव्ह. कॉम्प्युटर कधी कधी जुनी फाईल धरून ठेवतो, म्हणून..." तो बोलता बोलता थांबला. "पण टॅग तर तुमचा आहे ना? आपण कधी केला तो?"

"दोन हजार चौदाला."

"आणि पहिल्या वहिनी गेल्या..."

"बाराला."

तेव्हा 'जयसिंग साउंड' नावाची गोष्टच नव्हती. तिने ते नाव उच्चारायचा प्रश्नच येत नव्हता.

सिराजने पेनड्राइव्ह काढला, रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. रविवारचं लग्न उरकलं आणि सोमवारपासून तो यायचा बंद झाला. आता शुक्रवार पेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. भेटला तर "वहिनी, बरं आहे ना?" म्हणतो. पण एका जागी दोन मिनिटं थांबत नाही.

लग्नानंतर जयसिंगने कॉम्प्युटर उघडला. मी मागे उभी होते. फाईलमध्ये बाईच्या आवाजाची एकच पट्टी होती. नाव 'सुनीती'. तारीख बारा मे.

त्याने ती वाजवली. प्रेमला.

"हे तू गायलीस?"

"हो."

"तिची क्लिप कुठाय?"

"पुसली. मी पुसली." सांगून टाकलं. म्हटलं, आता तरी हा चिडेल.

तो चिडला नाही. मग माझ्याकडे वळला. तीन वर्षांत त्याने माझ्याकडे इतक्या प्रेमाने कधी बघितलं नव्हतं.

"अजून एकदा गा ना," म्हणाला.

मी नाही गायले. त्या दिवसापासून आजपर्यंत नाही. अंड्यांचे ट्रे काढले, सिस्टीम विकली, जयसिंग पुन्हा नोकरीला लागला, खोली भाड्याने दिली. टाकही काढून गळ्यात घातला, आत्याबाईंनी सांगितलं ते सगळं केलं. त्या गेल्या तेव्हासुद्धा तो गळ्यात होता. फरक पडला नाही.

कशात, ते सांगते.

लग्नानंतर महिन्याभराने मी आईला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट पाठवली. आईचा फोन आला. "तुझ्या फोनवरून कोण बोलतंय? तुझी सासू का? नाही गं, तरुण वाटते..."

समोर बोलते तेव्हा माझा आवाज माझा असतो. फोनवर बोलते तेव्हाही माझाच. पण कशातही साठवला, की तो माझा राहत नाही. फोन बदलून बघितले. भाचीच्या बारशाचा व्हिडिओ आहे, त्यात ओठ माझे हलतायत. पुढचं ऐकवत नाही. कुणी व्हिडिओ काढायला लागलं की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते.

घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. सदाशिव पेठेत आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घसा उत्तम आहे. तुम्ही जरा कमी विचार करा." तपासणीच्या वेळी त्यांनी आवाज रेकॉर्ड केला होता. तो लावून बघितला नाही. मीही सांगितलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण जयसिंग...

तो आता माझा फोन उचलत नाही. मीटिंगमध्ये नसतो, गाडीवर नसतो, तरी उचलत नाही. लगेच मेसेज येतो. 'काय काम आहे? व्हॉइस नोट टाक ना.'

मी समोर उभी राहून "जेवायला चला" म्हणते. "हं," म्हणतो, मान वर करत नाही. तेच मी स्वयंपाकघरातून रेकॉर्ड करून पाठवते... आणि बाहेर तो हसलेला मला ऐकू येतो. मग उठून येतो. माझ्या हातचं जेवतो, भाजी छान झालीये म्हणतो. डोळे चमकत असतात त्याचे.

'येताना कोथिंबीर आणा.' हा माझा निरोप त्याने अकरा वेळा ऐकला. दाराआड उभी राहून मोजलंय मी.

तुम्ही म्हणाल, पाठवू नकोस मग. सोपं आहे म्हणायला. दोन आठवडे नाही पाठवले. दोन आठवडे तो घरात भाडेकरूसारखा वावरला. शेवटी मीच पाठवला. 'दूध घेऊन या.' त्या दिवशी तो दूध घेऊन आला आणि गजराही घेऊन आला.

गजरा मी माळला. काय करणार होते?

परवा सकाळी त्याला निरोप पाठवला. 'गॅसवाला येऊन गेला, संध्याकाळी लवकर या.' माझ्या फोनवर तो सहा सेकंदांचा आहे. मी ऐकून बघितला. तेवढंच आहे त्यात.

संध्याकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन पलंगावर होता. उघडाच होता. माझा तोच निरोप.

एकोणीस सेकंद.

मी हात पुढे केला... तेवढ्यात तो बाहेर आला. फोन उचलला. कानात इअरफोन घातले.

"सहाच्या पुढे काय आहे त्यात?" मी विचारलं.

"काही नाही गं," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून ऐकायला लागला.

आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. लाजत होता तो.